उठण्याचे बळ : ओळख मांडीच्या बाहेरच्या स्नायूची

लसीकरणाच्या दिवशी माझ्या दवाखान्यात सकाळपासूनच रडण्याचा गलका असतो. काही महिन्यांपूर्वी अशाच एका सकाळी एक तरुण आई आपल्या दीड महिन्याच्या बाळाला घेऊन आली. सोबत बाळाची आजी होती. मी बाळाची मांडी हातात धरली, तेव्हा आईने विचारले, "डॉक्टर, आम्हां मोठ्यांना दंडात सुई देता, मग याला मांडीत का?" तिला उत्तर देण्याआधीच बाळाने टाहो फोडला आणि बोलणे तिथेच थांबले. थोड्या वेळाने बाळ शांत झाले. निघताना आजी खुर्चीतून उठू लागल्या. पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्या वेळी त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले, "आई गं" म्हणत त्या पुढे झुकल्या आणि सुनेच्या खांद्याचा आधार घेऊन कशाबशा उभ्या राहिल्या. "वय झालं आता," असे म्हणून त्या हसल्या.

वाचकहो, बाळाच्या ज्या स्नायूत मी लस टोचली आणि आजींना उठताना ज्याचे बळ अपुरे पडले, तो स्नायू एकच आहे. मांडीच्या बाहेरच्या अंगाला असणारा हा मोठा स्नायू आपल्यापैकी बहुतेकांना नावानेही ठाऊक नसतो. सुनेच्या प्रश्नाचे उत्तर मी या लेखात देणारच आहे. मात्र आजींनी स्वतःच काढलेला निष्कर्ष मला पुरता मान्य नाही. वय हे या दुबळेपणाचे एक कारण खरे, पण ते एकमेव कारण नव्हे. दुसरे कारण बरेचसे आपल्या हाती असते, आणि ते मी स्वतःच्या घरातील एका चुकीतून शिकलो.

हा स्नायू असतो कोठे?

पुस्तकातील आकृती पाहण्याआधी आपण तो स्वतःच्या हाताने शोधू. खुर्चीत ताठ बसा. उजव्या हाताचा तळवा उजव्या मांडीवर, खुबा आणि गुडघा यांच्या साधारण मधोमध, बाहेरच्या आणि किंचित पुढच्या बाजूला ठेवा. आता पाय जमिनीवरून उचलून गुडघा हळूहळू पूर्ण सरळ करा. तळव्याखालचे मांस टणक होऊन वर उचलल्यासारखे वाटेल. वैद्यकशास्त्रात या स्नायूला 'व्हास्टस लॅटरॅलिस' म्हणतात. लॅटिन भाषेत 'व्हास्टस' म्हणजे विशाल आणि 'लॅटरॅलिस' म्हणजे बाजूचा.

मांडीच्या पुढच्या भागात चार स्नायूंचा एक गट असतो. त्याला 'क्वाड्रिसेप्स', म्हणजे चार शिरे असलेला स्नायू, असे नाव आहे. त्यांपैकी मधला लांब स्नायू खुबा आणि गुडघा असे दोन्ही सांधे ओलांडतो. उरलेले तिघे केवळ गुडघ्यावर काम करतात : एक आतल्या अंगाचा, एक खोलवर हाडाला लागून असलेला आणि तिसरा आपला हा बाहेरचा. चौघांत आकाराने तोच सर्वांत मोठा.

खुब्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, तिथून हा स्नायू सुरू होतो आणि मांडीच्या हाडाच्या मागच्या कडेवर बराच खालपर्यंत चिकटलेला असतो. त्याचे तंतू सरळ उभे नसतात. पक्ष्याच्या पिसात मधल्या दांडीला तंतू जसे तिरके जोडलेले असतात, तशी त्यांची ठेवण असते. तिरक्या रचनेमुळे थोड्या जागेत जास्त तंतू मावतात आणि स्नायूला जोर जास्त मिळतो.

खाली येता येता हे चारही स्नायू एका जाड कंडरेत एकवटतात. ही कंडरा गुडघ्याच्या वाटीला धरते आणि वाटीखालून निघालेला भक्कम पट्टा नडगीच्या वरच्या टोकावरील उंचवट्याला जाऊन मिळतो. वाटी ही केवळ सांध्यावरची ढाल नव्हे. ती कंडरेला सांध्यापासून थोडी पुढे उचलून धरते, त्यामुळे तेवढ्याच ओढीत गुडघ्याला अधिक जोर मिळतो. या साऱ्यांना आज्ञा पोहोचवणारी नस कमरेच्या मणक्यांमधून, दुसऱ्या ते चौथ्या मुळांतून येते. म्हणूनच कधीकधी गुडघा लटपटण्याचे मूळ कमरेत सापडते.

दिवसभर तो काय करतो?

एका वाक्यात सांगायचे तर तो गुडघा सरळ करतो. हे वाक्य किती अपुरे आहे, ते आपला दिवस पाहिला की कळते. अंथरुणातून, पाटावरून वा कमोडवरून उठताना, जिना चढताना आणि एसटीची पहिली उंच पायरी गाठताना नितंबाच्या स्नायूंच्या साथीने हाच गट शरीराचा भार उचलतो.

त्याचे दुसरे काम अधिक नाजूक आहे. घाट उतरताना चालक जसा ब्रेक थोडा थोडा सोडत गाडी आवरून धरतो, तसा जिना उतरताना हा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलत राहतो. हे काम साधे उचलण्यापेक्षा वेगळे असते आणि दुबळेपणा पुष्कळदा इथेच आधी उघडा पडतो. "चढताना काही वाटत नाही, उतरताना मात्र कठडा लागतो," असे रुग्ण सांगतात. आपल्या घरातील ज्येष्ठ व्यक्ती खुर्चीत हळूच टेकते की शेवटच्या वीतभर अंतरात धपकन बसते, हे आज मुद्दाम पाहा. धपकन बसणे म्हणजे मांडीचा ब्रेक सैल झाल्याची खूण असू शकते.

बाळाला लस मांडीतच का?

आता त्या तरुण आईचे उत्तर. बाळाच्या दंडाचा स्नायू अगदीच लहान असतो. नितंबात सुई देणे टाळतो, कारण तिथून पायाकडे जाणारी मोठी नस दुखावण्याचा धोका असतो. मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात मात्र जन्मापासूनच हा स्नायू चांगला भरलेला असतो आणि सुई जिथे देतो त्या मधल्या जागी मोठी रक्तवाहिनी वा मोठी नस नसते. म्हणून जन्मतःच दिली जाणारी हिपॅटायटिस 'बी'ची लस, तसेच 6, 10 आणि 14 आठवड्यांची पेंटाव्हॅलंट लस डाव्या मांडीत याच जागी देतात. तीव्र ॲलर्जीने जिवावर बेतते, तेव्हा ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शनही याच जागी दिले जाते, कारण इथून औषध रक्तात लवकर पोहोचते.

लस दिल्यावर मांडीला थोडी सूज येते, ती जागा दुखते. स्वच्छ, थंड पाण्याची घडी ठेवावी. तेल लावून चोळू नये, हळद वा चुना थापू नये, एवढी विनंती मी घरातील आजी मंडळींना नेहमी करतो.

वय वाढते तेव्हा

स्नायूंच्या अभ्यासकांचा हा आवडता स्नायू आहे. स्वीडनमधील जोनास बर्गस्ट्रॉम यांनी 1962 साली सुईने स्नायूचा लहानसा तुकडा काढण्याची पद्धत रुजवली. त्यानंतर स्नायूंविषयी आपल्याला जे कळले, त्यातील फार मोठा भाग याच स्नायूच्या तुकड्यांवरून कळला.

1988 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 15 ते 83 वर्षे वयाच्या 43 पुरुषांचे हे संपूर्ण स्नायू मृत्यूनंतर तपासले गेले. हे सर्वजण आधी निरोगी होते. विशीपासून ऐंशीपर्यंत या स्नायूच्या छेदाचे क्षेत्रफळ सरासरी 40 टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसले. झीज पंचविशीच्या सुमारास हळूच सुरू होते आणि पुढे वेग धरते. काही तंतू बारीक होतात, तर पुष्कळसे नाहीसेच होतात.

ही माहिती निराश करणारी वाटेल. म्हणून तिच्या शेजारी दुसरी ठेवतो. 1990 साली अमेरिकेत बोस्टन येथे वृद्धांच्या निवासी संस्थेतील 10 जणांना मांडीच्या स्नायूंचा भार घेऊन करायचा व्यायाम 8 आठवडे दिला गेला. त्यांची वये 86 ते 96 होती आणि प्रकृती नाजूक होती. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांचे बळ सरासरी 174 टक्क्यांनी वाढले आणि मांडीच्या मधल्या भागातील स्नायूंचा आकार 9 टक्क्यांनी वाढला. या दोन आकड्यांतील तफावत लक्षात घ्या. आकार थोडाच वाढला, बळ मात्र कितीतरी पटींनी अधिक वाढले. मेंदू आणि नसा उरलेल्या तंतूंना अधिक चांगले कामाला लावू लागतात, हे त्याचे मोठे कारण. नव्वदीतही हे शिक्षण थांबलेले नसते.

तिसरी गोष्ट अंथरुणाची. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी 67 वर्षे वयाच्या निरोगी व्यक्तींना केवळ 10 दिवस अंथरुणावर ठेवले गेले. तेवढ्यात त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांसल भाग घटला. चिकुनगुन्या, डेंग्यू वा न्यूमोनियानंतर "ताप गेला, पण पाय गेले" असे वृद्ध रुग्ण का म्हणतात, ते यावरून ध्यानात येईल.

माझ्या घरातील चूक

सात वर्षांपूर्वी माझी आई एकाहत्तर वर्षांची होती. तिचे गुडघे दुखू लागले. एक्स-रे काढला, त्यात मध्यम झीज दिसली. मी डॉक्टर मुलगा. शिवाय त्या काळी शेकडो रुग्णांना मी जे सांगत असे, तेच तिलाही सांगितले : जिना चढू नकोस, खाली बसू नकोस, गुडघ्यांना विश्रांती दे. तिची खोली वरच्या मजल्यावरून खाली आणली. पूजेसाठी उंच खुर्ची केली, जेवायला टेबल घेतले, भाजी निवडायचे ताटही हातात दिले. हे सारे प्रेमापोटीच होते.

दीड वर्ष गेले. एकदा साडी नेसताना ती म्हणाली, "माझे पाय बघ रे, काडीसारखे झालेत." मी ते हसण्यावारी नेले. त्यानंतर काही आठवड्यांनी पहाटे मला जाग आली, तर तिच्या खोलीतील दिवा चालू होता. ती कमोडवर बसून होती. तिला उठता येत नव्हते. जवळजवळ तासभर ती तशीच बसली होती. "हाक का नाही मारलीस?" मी विचारले. ती म्हणाली, "तुला दिवसभर दवाखाना असतो. झोपमोड कशाला करायची?"

त्या आठवड्यात नवा एक्स-रे काढला. गुडघ्यांची झीज दीड वर्षापूर्वी होती जवळपास तेवढीच होती. बदलल्या होत्या त्या मांड्या. सांध्याला जपण्याच्या नादात सांधा पेलणारा स्नायू मी उपाशी ठेवला होता.

यामागचे शास्त्र मला ठाऊक असायला हवे होते. गुडघा दुखू लागला वा सुजला की तेथील नसांमधून मज्जारज्जूकडे संदेश जातो आणि मांडीचा हा गट आपोआप आखडता हात घेतो. मनात आणले तरी तो पूर्ण जोराने आवळत नाही. त्यावर विश्रांतीची भर पडली की स्नायू वाळतो. स्नायू वाळला की सांध्यावरील धक्के झेलायला कोणी उरत नाही, दुखणे वाढते आणि माणूस आणखी बसून राहतो. हे चक्र योग्य व्यायामाने तोडता येते. म्हणूनच गुडघ्याच्या झिजेवरील आजच्या उपचारांत व्यायामाला पहिले स्थान आहे. गोळ्या आणि इंजेक्शने त्यानंतर येतात.

आईचा व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सुरू झाला. पहिले दोन आठवडे ती माझ्यावर रागावलेली होती. तीन महिन्यांनी ती हातांचा आधार न घेता लागोपाठ तीन वेळा खुर्चीतून उठली. आज ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. हातात काठी आहे, पावसाळ्यात गुडघे ठणकतात, जमिनीवर ती बसत नाही. पण रात्री ती स्वतः उठते आणि स्वतः परत येऊन निजते. एवढ्याने घरात काय बदलते, ते ज्यांच्या घरी वृद्ध आहेत त्यांना वेगळे सांगायला नको.

घरच्या घरी एक परीक्षा

साधारण 17 इंच उंचीची, न डगमगणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर घडी घालून बसा. घड्याळ लावून जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर पाच वेळा पूर्ण उभे राहा आणि बसा. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने 2019 साली ठरवलेल्या मापानुसार यास 12 सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागत असेल, तर शारीरिक क्षमता कमी झाल्याचे समजावे. हातांच्या आधाराविना एकदाही उठता येत नसेल, तर घड्याळाची गरजच नाही. ज्येष्ठांची परीक्षा घेताना शेजारी कोणीतरी उभे राहावे. ज्यांना चक्कर येते वा ज्यांची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी ती करू नये.

व्यायाम : पायरी पायरीने

पुढील क्रम सोप्याकडून अवघडाकडे जातो. आपल्याला जी पायरी जमते, तिथून आरंभ करावा.

पहिली पायरी, टॉवेल दाबणे. अंथरुणावर पाय लांब करून बसा वा उताणे झोपा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. मांडी आवळून गुडघ्याने टॉवेल खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. असे दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. सुजलेल्या गुडघ्याला आणि आजारातून उठलेल्या व्यक्तीलाही हे सहसा जमते.

दुसरी पायरी, बसून पाय सरळ करणे. खुर्चीत पाठ टेकून बसा. एक पाय हळूहळू सरळ करा, तीन आकडे धरून ठेवा आणि तीन आकड्यांत खाली आणा. सोपे वाटू लागले की घोट्याला अर्ध्या किलोची वाळूची पिशवी बांधा.

तिसरी पायरी, खुर्चीतून उठबस. ही सर्वांत महत्त्वाची आहे. खुर्चीच्या पुढच्या भागात बसा, पावले थोडी मागे घ्या, छाती पुढे झुकवा आणि उठा. उठणे एका दमात झाले तरी चालेल, पण बसायला मात्र तीन आकडे लावा. घाट उतरतानाचा ब्रेक तयार होतो तो या सावकाश बसण्यात. सुरुवातीला हातांचा आधार घ्या किंवा खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा. मग उशी काढा, पुढे हात छातीवर घ्या.

चौथी पायरी, पायरी चढउतार. जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर, कठडा धरून, एका पायाने चढा आणि सावकाश उतरा. गुडघा आत झुकू देऊ नका, तो पावलाच्या रेषेत राहू द्या.

पाचवी पायरी तरुणांसाठी आणि निरोगी गुडघ्यांसाठी. भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसणे, पुढे पाऊल टाकून गुडघा वाकवणे, आणि आपल्या तालमीतील बैठका. कुस्तीगिरांच्या मांड्या याच बैठकांवर पोसल्या जातात.

दुसऱ्या पायरीपासून पुढे प्रत्येक व्यायाम 8 ते 12 वेळा, थोडे थांबून पुन्हा एकदा, असा आठवड्यातून दोन ते तीन दिवस करावा. मध्ये एक दिवस सोडावा, कारण स्नायू विश्रांतीत भरतो. शेवटची दोन आवर्तने थोडी जड वाटली पाहिजेत. सहज होऊ लागली तर भार वाढवण्याची वेळ आली, असे समजावे. श्वास रोखू नये. मोठ्याने आकडे मोजले की तो आपोआप चालू राहतो. रक्तदाब असलेल्यांनी हे विशेष पाळावे.

दुखण्याविषयी एक साधा नियम सांगतो. व्यायाम करताना गुडघा थोडा दुखला तरी घाबरू नये. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले असेल वा सूज आली असेल, तर प्रमाण निम्मे करावे. पूर्ण बंद करू नये.

काही गैरसमज

"फक्त बाहेरचाच स्नायू वाढवायचा व्यायाम सांगा," असे व्यायामशाळेत जाणारी मुले विचारतात. पावले आत वा बाहेर वळवून तो वेगळा वाढवता येतो, असेही त्यांनी कुठेतरी ऐकलेले असते. या चौघांची नस एक आणि काम एक. एकाला विश्रांती देऊन दुसऱ्याला राबवणे खात्रीने साधत नाही. चौघे एकत्रच बळावतात.

"मांडीची चरबी उतरेल ना?" हाही नेहमीचा प्रश्न. स्नायू आणि त्यावरील चरबी यांचा हिशेब वेगळा असतो. मांडीच्या व्यायामाने मांडीचीच चरबी वेचून जळत नाही.

"मी रोज चालतो, तेवढे पुरे." चालणे हृदयाला आणि मनाला उत्तम. पण सपाट रस्त्यावर चालून मांडीचे बळ फारसे वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही चालण्यासारख्या व्यायामाखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम सुचवते.

"तेल चोळले की बळ येते." मालिशीने बरे वाटते, आणि तेही मोलाचे आहे. पण बळ येते ते स्नायूने स्वतः काम केल्यानेच.

ताटाकडेही पाहू

प्रथिनांविना हा व्यायाम म्हणजे विटांविना बांधकाम. भारतीय शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दररोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 60 किलो वजनाला सुमारे 50 ग्रॅम. ज्येष्ठांना किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम असावीत, असे अनेक तज्ज्ञ सांगतात. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, पेलाभर दुधात 6 ते 7 ग्रॅम, मूठभर कोरड्या डाळीत साधारण 7 ग्रॅम प्रथिने असतात. आपल्याकडील ज्येष्ठ मंडळी रात्री दूधभात वा पातळ खिचडीवर भागवतात, तिथे ही गणना चुकते. मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, घट्ट वरण, दही, शेंगदाण्याचे कूट, आणि ज्यांना चालते त्यांनी अंडी वा मासे दिवसभरात वाटून घ्यावेत. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

केव्हा थांबावे, केव्हा दाखवावे

मांडीच्या बाहेरच्या बाजूचे प्रत्येक दुखणे या स्नायूचे नसते. तिथली त्वचा बधिर होऊन जळजळ होत असेल, तर जांघेजवळून येणारी त्वचेची नस दाबली गेलेली असू शकते. घट्ट पट्टा, करकचून बांधलेली परकराची नाडी, वाढलेले पोट, गरोदरपण आणि मधुमेह ही त्याची नेहमीची कारणे. खुब्याच्या उंचवट्यावर, त्या कुशीवर झोपल्यावर दुखत असेल, तर ते दुखणे बहुधा तेथील कंडरांचे असते.

मधुमेही व्यक्तीच्या एका मांडीत तीव्र वेदना होऊन ती झपाट्याने वाळू लागली, एका पायाचे बळ अचानक गेले, लघवी वा शौचावरील ताबा सुटला, पाय एकाएकी सुजून दुखू लागला, किंवा पडल्यानंतर गुडघा सरळ करताच येईना, तर विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. कोलेस्टेरॉलची गोळी नव्याने सुरू झाल्यावर दोन्ही मांड्या दुखू लागल्या तर गोळी स्वतःहून बंद न करता आधी विचारावे. आणि पालक-शिक्षकांसाठी एक सूचना : सवय नसलेल्या मुलाकडून शिक्षा म्हणून शेकडो उठाबशा काढून घेऊ नयेत. अतिश्रमाने स्नायू फुटून त्यातील द्रव्ये मूत्रपिंडाला इजा करू शकतात. अशा श्रमानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

शेवटी

त्या दिवशी दवाखान्यातून निघालेल्या आजींना मी दारातून परत बोलावले होते. खुर्चीवर जाड उशी ठेवून त्यांना तीनदा सावकाश उठायला आणि बसायला लावले. सूनबाईंना सांगितले, "यांना पाणी आणून देण्याची घाई करू नका. स्वयंपाकघरापर्यंत त्यांनाच जाऊ द्या. तुम्ही फक्त लक्ष ठेवा."

बाळाच्या दहाव्या आठवड्याच्या लसीला त्या पुन्हा आल्या. बाळ रडले, शांत झाले. मी मुद्दाम आजींकडे पाहत होतो. त्यांनी अजून हातांचा आधार घेतला, पण गुडघ्यावर एकच हात होता आणि पहिल्याच प्रयत्नात त्या उठल्या.

आपल्या घरातील खुर्चीकडेही आज एकदा पाहा. तीवरून कोण कसे उठते, ते नीट पाहा. आणि जमल्यास संध्याकाळी घरातील सर्वांनी मिळून दहा वेळा उठबस करावी, नातवंडांपासून आजी-आजोबांपर्यंत.